दर विद्यार्थी १८०० रुपये: ऑनलाइन साहाय्यसेवेने कॉलेजचा खर्च खरंच कमी होतो का?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. तालुक्याच्या गावात कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालय, ११०० विद्यार्थी. प्राध्यापकांची बरीच पदं रिकामी, तासिका तत्त्वावर काम चालू. एका कंपनीने प्रस्ताव दिलाय: रेकॉर्डेड लेक्चर्स, ॲप, चोवीस तास शंकासमाधान, सराव चाचण्या आणि प्रत्येक विद्यार्थ्याला एक ‘मेंटॉर’. दर विद्यार्थी वर्षाला १८०० रुपये. ते विद्यार्थ्यांकडूनच ‘ई-लर्निंग शुल्क’ म्हणून घ्या, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षांनी मिळून ऑनलाइन पदवी काढू आणि फी निम्मी-निम्मी वाटून घेऊ, असंही ते म्हणतात. संस्थेचे सचिव म्हणून तुम्ही विचारता की यातून खर्च खरोखर कमी होणार का, की पोरांच्या डोक्यावर आणखी एक फी बसणार आणि हाती काही लागणार नाही.

मी कोणत्या अनुभवावर बोलतोय ते आधी सांगतो. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर मी सतरा वर्षं केंद्रसंयोजक होतो. पुढे आमच्या कॉलेजात एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या योजनेच्या) लोकल चॅप्टरचं, म्हणजे स्थानिक केंद्राचं, काम आलं आणि करोनानंतर ऑनलाइन साहाय्य कक्ष उभा करायची जबाबदारीही. म्हणजे दुरून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला साहाय्य कसं पोहोचवायचं, त्याला पैसे किती लागतात आणि कुठे वाया जातात, हाच माझ्या नोकरीचा मोठा भाग.

‘खर्च कमी होईल का’ या प्रश्नाची आधी फोड करायला हवी. कुणाचा खर्च, आणि कशामागे मोजलेला? संस्थेचा खर्च कमी होऊन विद्यार्थ्याचा वाढू शकतो. प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यामागे खर्च वाढून पास होणाऱ्या विद्यार्थ्यामागे तो कमी होऊ शकतो. कंपनीचा माणूस प्रवेश घेतलेल्या डोक्यांवर हिशेब करतो, कारण त्याचं बिल तसंच निघतं. तुम्ही मात्र तो उत्तीर्ण झालेल्यांवर करा.

कागदावर मांडून बघू. आकडे फक्त समजण्यापुरते धरतो. शंभर विद्यार्थी, प्रत्येकामागे वर्षाचा खर्च १०,००० रुपये, एकूण दहा लाख. त्यातले पन्नास सगळे विषय सोडवून पुढे गेले, तर एका उत्तीर्णामागे २०,००० रुपये पडले. आता प्रत्येकी १८०० वाढवा. एकूण ११ लाख ८० हजार. पन्नासच पास झाले तर एका उत्तीर्णामागे २३,६०० पडतात. खर्च पुन्हा २०,००० वर यायला ५९ पास व्हायला लागतात. म्हणजे शंभरात नऊ विद्यार्थी जास्त पास झाले तर तुम्ही जेमतेम होतात तिथेच राहता. तुमच्या कॉलेजचे खरे आकडे घालून हेच गणित करा आणि कंपनीला विचारा की हे नऊ विद्यार्थी कोणते आणि तुमच्या सेवेतली कोणती गोष्ट त्यांना तारणार आहे. माझ्या अनुभवात या प्रश्नाला उत्तर म्हणून लेक्चरची लायब्ररी दाखवतात. लायब्ररीने ते नऊ जण तरत नाहीत.

शिकवण्याची सामग्री आता दुर्मीळ राहिलेली नाही. एनपीटीईएल २००३ मध्ये आयआयटी आणि आयआयएस्सीने सुरू केलं, स्वयं हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ २०१७ मध्ये आलं. तिथली लेक्चर्स फुकट आहेत. परीक्षा द्यायची असेल तरच पैसे, एनपीटीईएलच्या एका विषयाला साधारण हजार रुपये. इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची पुस्तकं त्यांच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर कुणीही उघडून वाचावीत. मुक्त विद्यापीठाची मराठीतली स्वयं-अध्ययनाची पुस्तकं तर माझ्या मते आजही अनेक ॲपपेक्षा सरस आहेत, कारण ती शिक्षक समोर नाही हे धरूनच लिहिलेली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या एकूण विषयभारापैकी ४० टक्क्यांपर्यंतचे विषय स्वयंवरून करता येतात आणि त्यांचे श्रेयांक (क्रेडिट) पदवीत धरता येतात, अर्थात तुमच्या विद्यापीठाने ते मान्य केलेले असतील तर. एवढं असताना रेकॉर्डेड लेक्चरसाठी कुणी मोठी रक्कम मागत असेल, तर ती कशाची हे खोदून विचारायला हवं.

आणि इतकी उत्तम सामग्री फुकट मिळत असूनही जगभरच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत नाव नोंदवणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत पोहोचणारे दहा टक्क्यांहून कमी. धडा मिळाला, पण तो रोज उघडायला लावणारं कुणी मिळालं नाही.

एक प्रसंग सांगतो. आमच्या साहाय्य कक्षाच्या दुसऱ्या वर्षी बी.कॉम. प्रथम वर्षाची एक मुलगी तिसऱ्या आठवड्यानंतर ॲपवर दिसेनाशी झाली. पहिल्या दोन चाचण्यांत चांगले गुण. प्रणालीने तिला आपोआप चार संदेश पाठवले होते, ‘तुम्ही मागे पडत आहात’ अशा अर्थाचे. आमच्या सहायक मॅडमनी वहीतून घरचा नंबर काढून दुपारी फोन लावला. फोन आईने उचलला. कळलं ते असं: नोंदणीच्या वेळी घरात एकच स्मार्टफोन होता, भावाचा. ॲप त्याच्याच नंबरावर चालू झालं. भाऊ चाकणला कंपनीत लागला, फोन आणि सिम त्याच्यासोबत गेलं. लॉगिन करायचं तर ओटीपी चाकणला जायचा आणि भाऊ पहिल्या पाळीत, मशिनवर फोन न्यायला बंदी. मुलीने तीन दिवस प्रयत्न केला आणि सोडून दिलं. ते चार संदेशही चाकणलाच गेले होते. मॅडमनी नंबर बदलून दिला, काम सहा मिनिटांचं. मुलगी आज तिसऱ्या वर्षाला आहे.

त्या सहा मिनिटांना किती पैसे लागले? जवळजवळ काहीच नाही. पण ती सहा मिनिटं देणारा माणूस नेमलेला असावा लागतो, त्याच्याकडे घरचा नंबर असावा लागतो आणि अमुक विद्यार्थी गायब झाल्याची खबर त्याला वेळेत मिळावी लागते. खबर देण्याचं काम यंत्र उत्तम करतं. पुढचं काम माणसाचं.

म्हणून ‘ऑनलाइन साहाय्यसेवा’ हा शब्द एकत्र घेऊ नका. त्यात तीन-चार वेगळ्या सेवा कोंबलेल्या असतात आणि प्रत्येकीचा खर्च वेगळ्या रीतीने वागतो. लेक्चर एकदा बनवलं की दहा जणांनी बघितलं काय आणि दहा हजारांनी काय, खर्च तोच. ठरावीक प्रश्नांची उत्तरं देणं आता यंत्राने फार स्वस्त झालंय: फॉर्मची शेवटची तारीख कोणती, असाइनमेंट किती पानांची, हॉल तिकीट कुठे मिळेल. पण वही तपासून ‘ताळेबंदात तुझी ही नोंद उलट्या बाजूला गेलीय, आणि ती का गेली ते असं’ हे सांगणं, किंवा गळणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी फोन करणं, हा खर्च विद्यार्थ्यांच्या संख्येबरोबर वाढत जातो. दहापट विद्यार्थी, तर जवळजवळ दहापट माणसं. विकणाऱ्याचा फायदा पहिल्या प्रकारात आणि तुमच्या विद्यार्थ्याची गरज शेवटच्या प्रकारात. प्रस्तावात दोन्ही एकाच दराखाली लिहिलेले असतात, तिथे नजर ठेवा.

ही गोष्ट नवी नाही. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात १९७१ साली पहिले विद्यार्थी शिकू लागले, तेव्हाही टीव्ही-रेडिओची सगळीकडे चर्चा झाली. पण विद्यार्थ्याला धरून ठेवलं ते स्थानिक ट्यूटरनी, त्याच्या लेखी कामावर सविस्तर शेरे लिहून. नाशिकला १९८९ मध्ये आपलं मुक्त विद्यापीठ उभं राहिलं, राम ताकवले सर पहिले कुलगुरू, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद. पुस्तकं घरी गेली, पण त्याच्या जोडीला गावोगावी अभ्यासकेंद्रं आणि संमंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, नेमले गेले, ते यासाठीच. रविवारच्या संमंत्रण सत्राला एसटीने दोन तास प्रवास करून येणाऱ्या बाया-माणसांकडे पुस्तक असायचंच. ‘गृहपाठ असा लिहायचा का, सर?’ एवढं विचारायला आणि ‘हो, बरोबर चाललंय’ एवढं ऐकायला ती येत. तेवढ्यावर त्यांचा पुढचा महिना निघायचा. ज्या केंद्रांनी संमंत्रण सत्रं फक्त कागदावर भरवली, त्यांचे विद्यार्थी परीक्षेच्या फॉर्मपर्यंतही टिकले नाहीत. हे मी शेजारच्या केंद्रांवर बघितलं आहे आणि एका वर्षी, दोन संमंत्रक एकदम सोडून गेले तेव्हा, आमच्या केंद्रावरही.

परदेशातली तीन उदाहरणं मी नेहमी देतो, कारण तिघांत मिळून पूर्ण चित्र दिसतं.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाने २०१३ च्या जानेवारीत युडॅसिटी या कंपनीबरोबर पायाभूत गणित आणि संख्याशास्त्राचे ऑनलाइन वर्ग काढले. एका विषयाला फक्त १५० डॉलर. पहिल्याच सत्रात पास होणाऱ्यांचं प्रमाण प्रत्यक्ष वर्गापेक्षा बरंच खाली गेलं आणि काही महिन्यांत प्रयोग थांबवला गेला. त्या विद्यार्थ्यांत आधी नापास झालेले होते, शाळेतली मुलंही होती, म्हणजे ज्यांना मदतीचा हात सर्वांत जास्त लागतो तेच. उन्हाळी सत्रात निकाल सुधारला, पण तोवर विद्यार्थीवर्गही बदलला होता. पदवी आधीच हातात असलेले बरेच जण आले होते.

दुसरं उदाहरण अटलांटाच्या जॉर्जिया टेकचं. त्यांनी २०१४ मध्ये संगणकशास्त्राची ऑनलाइन एम.एस. काढली, संपूर्ण पदवी साधारण सात हजार डॉलरमध्ये. आज तिथे दहा हजारांहून जास्त विद्यार्थी आहेत. स्वस्त आणि प्रतिष्ठितही, हे जमलं कसं? आलेले विद्यार्थी बहुतेक नोकरी करणारे, पदवीधर, स्वतः अभ्यास करू शकणारे होते. आणि शिक्षण-सहायकांची मोठी फौज ठेवली गेली. तिथल्या प्रा. अशोक गोयल यांच्या एका विषयात सुमारे तीनशे विद्यार्थी एका सत्रात दहा हजारांच्या आसपास प्रश्न-संदेश लिहायचे. २०१६ मध्ये त्यांनी ‘जिल वॉटसन’ नावाचा यंत्र-सहायक बसवला. त्याच्याकडे नेहमीचे, पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न दिले आणि माणसांना अवघड प्रश्नांसाठी मोकळं ठेवलं. यंत्र वापरायची ही पद्धत मला पटते.

तिसरं उदाहरण ऑनलाइनचं नाही, पण खर्चाच्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर माझ्या पाहण्यात नाही. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने २००७ मध्ये दोन वर्षांच्या कॉलेजांतल्या गरीब विद्यार्थ्यांसाठी ‘असॅप’ योजना आणली. साठ-ऐंशी विद्यार्थ्यांमागे एक सल्लागार, जिथे एरवी एका सल्लागारामागे सहाशेहून जास्त असत. शिकवणीची सोय, पुस्तकांना मदत आणि मेट्रोचा पास फुकट. आपल्याकडे एसटीचा पास द्यावा तसं. तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचं प्रमाण सुमारे २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेलं. दर विद्यार्थी खर्च निम्म्याहून जास्त वाढला, तरीही दर पदवीमागचा खर्च कमी झाला. मघाचं आपलं गणित तेच सांगतं.

आता तुमच्या हातातल्या प्रस्तावाकडे येतो. काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे मान्य करूनच बोलतो. तुमचे विद्यार्थी बहुतांश रोज कॉलेजला येणारे आहेत की नाव नोंदवून गावी काम करणारे? मराठी माध्यमातून आलेले किती? रिकामी पदं कोणत्या विषयांत आहेत? भौतिकशास्त्राला शिक्षकच नसेल तर चांगलं रेकॉर्डेड लेक्चर हे काहीच नसण्यापेक्षा शंभर पटीने बरं, आणि तिथे मी ते आनंदाने घेईन. पण त्याचा आधार घेऊन पद भरण्याचा पाठपुरावा सोडू नका. ऑनलाइन सेवा आहे म्हणून तासिका तत्त्वावरचे तास कमी करायचे, असा विचार मी अनेक व्यवस्थापनांत ऐकला आहे. त्या तासांचे पैसे आधीच इतके तुटपुंजे आहेत की तिथे कात्री लावून वाचतं थोडं, आणि विद्यार्थ्यासमोर उभा राहणारा शेवटचा माणूस जातो.

१८०० गुणिले ११०० म्हणजे १९ लाख ८० हजार रुपये वर्षाला. यात जीएसटी धरलाय का ते विचारा. पदवीच्या शिक्षणावर कॉलेज जीएसटी घेत नाही, पण कंपनीच्या अशा सेवेवर १८ टक्के लागतो आणि तो कॉलेजला परत मिळत नाही. धरलेला नसेल तर दर २१२४ होतो आणि बिल २३ लाखांच्या पुढे जातं. आम्ही पहिल्या वर्षी इथेच ठेचकाळलो होतो. ज्या कंपनीकडून प्रणाली घेतली त्यांच्या प्रस्तावात खाली बारीक अक्षरात ‘कर अतिरिक्त’ होतं. शिवाय वर्ष संपल्यावर करार वाढवला नाही, तेव्हा विद्यार्थ्यांच्या चाचण्यांच्या नोंदी आम्हाला वापरता येतील अशा स्वरूपात त्यांनी दिल्या नाहीत. दीड हजार विद्यार्थ्यांची एका वर्षाची माहिती गेली. कोण कुठे अडलं होतं हे पुढच्या शिक्षकाला सांगायला आमच्याकडे काहीही उरलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ती चूक करार नीट न वाचण्याची होती आणि भोगलं विद्यार्थ्यांनी.

त्या ‘मेंटॉर’ शब्दावरही बोट ठेवा. एका मेंटॉरकडे किती विद्यार्थी? तो फोन करतो की फक्त आलेल्या चॅटला उत्तर देतो? मराठीत बोलतो का? सहा महिन्यांनी तोच असेल का? एका कंपनीच्या माणसाने मला सरळ सांगितलं की दोन हजारांमागे एक. दोन हजारांमागे असलेला माणूस कुणाचंही नाव ओळखत नाही. माझा स्वतःचा अंदाज असा की नियमित फोन-पाठपुरावा करणारा एक जण फार तर दोनशे विद्यार्थी नीट सांभाळतो.

मग याच कामाला आपण आपलं काय करू शकतो? सगळ्या ११०० मुलांपासून सुरुवात करू नका. गळती सर्वांत जास्त पहिल्या वर्षात असते, तिथले चारशे विद्यार्थी धरा. दोन पाठपुरावा सहायक, गावातलेच पदवीधर, मासिक १८,००० रुपये: वर्षाला ४ लाख ३२ हजार. वरच्या वर्गातले पंधरा हुशार विद्यार्थी, संध्याकाळी तासभर खालच्या वर्गाच्या शंका सोडवायला, आठ महिने महिना हजार रुपये मानधन: १ लाख २० हजार. तुमच्या विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना असेल तर हा खर्च त्यात बसतो का ते बघा. ऑनलाइन वर्ग आणि चाचण्या चालवायची मूडल ही प्रणाली फुकट आहे, सर्व्हरचं भाडं आणि देखभाल धरून लाखभर रुपये ठेवा. सगळं मिळून ६ लाख ५२ हजार. कॉलेजच्या सगळ्या विद्यार्थ्यांवर पसरलं तर माणशी ५९३ रुपये. आणि त्यातले जवळजवळ साडेपाच लाख तुमच्याच तालुक्यात, माणसांच्या हातात जातात.

हे जमायला आतून जबाबदारी घेणारा एक प्राध्यापक लागतो. असा कुणी नसेल तर ही व्यवस्था पहिल्या दिवाळीतच बंद पडते, हेही प्रामाणिकपणे सांगतो. तसा माणूस नसेल तर कंपनीची सेवा घेणं गैर नाही, पण तिचे भाग सुटे करून घ्या. चाचण्या आणि तांत्रिक भाग त्यांचा, पाठपुरावा आपला. दरही मग त्या भागापुरताच ठरवा.

विद्यार्थ्यांकडून ‘ई-लर्निंग शुल्क’ घेण्याबाबत मात्र मी ठाम आहे: मंजूर शुल्करचनेत नसेल तर घेऊ नका. शिष्यवृत्तीतून प्रतिपूर्ती मंजूर शुल्काचीच होते. म्हणजे मागासवर्गीय आणि आर्थिक दुर्बल घरातल्या ज्या मुलांना बाकीची फी भरावी लागत नाही, त्यांनाही हे १८०० रोख भरावे लागतील. ऊसतोडीला गेलेल्या घरात जूनमध्ये १८०० रुपये नसतात. वर रिचार्जचा खर्च वेगळा. सेवा ऑनलाइन झाली की खर्च असाच शांतपणे कॉलेजच्या खात्यातून घरच्या खिशात सरकतो: डेटा, हँडसेट, प्रिंट, सायबर कॅफे. यातलं काहीच तुमच्या ताळेबंदात दिसत नाही. म्हणून कॉलेजचं वायफाय संध्याकाळी सातपर्यंत चालू ठेवणं आणि ग्रंथालयात दहा टॅब वाचायला देणं हेसुद्धा साहाय्यसेवेत धरा.

आता ती निम्म्या-निम्म्या फीची ऑनलाइन पदवी. इथे थांबाच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाच्या नियमांत असे अभ्यासक्रम फ्रँचायझीने चालवायला मनाई आहे, आणि २०२२ च्या जानेवारीत आयोग आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद) दोघांनीही एडटेक, म्हणजे ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या, कंपन्यांशी असे करार करणाऱ्या संस्थांना जाहीर इशारा दिला होता. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाचा आणि ऑनलाइन पदवीसाठी मान्यतेच्या स्वतंत्र अटी आहेत. संलग्न कॉलेज आणि कंपनी मिळून ते परस्पर करू शकत नाहीत.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब वाईट आहे. अमेरिकेत २०११ मध्ये सरकारने एक वाट मोकळी ठेवली: कंपनी इतर सेवांसोबत विद्यार्थीभरतीही करत असेल तर फीतला हिस्सा घेऊ शकेल. त्यानंतर २यू सारख्या कंपन्या वाढल्या. हिस्सा बऱ्याचदा निम्मा किंवा त्याहून जास्त, करार लांब मुदतीचे. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाची समाजकार्याची ऑनलाइन एम.ए.च्या तोडीची पदवी याच वाटेने चालली आणि तिची फी एक लाख डॉलरच्या पुढे गेली. त्या क्षेत्रातल्या पगारावर एवढं कर्ज फेडणं विद्यार्थ्यांना जड गेलं. ऑनलाइन असूनही फी उतरली नाही, कारण वाचलेला पैसा जाहिरात आणि भरतीवर गेला. २यूने २०२१ मध्ये एडेक्स हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ ८० कोटी डॉलरला घेतलं आणि २०२४ च्या जुलैमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्या व्यवस्थेत कंपनीला पैसा प्रवेशावर मिळतो, तिथे तिचं सगळं लक्ष जूनमध्ये असतं. तुमच्या विद्यार्थ्याला माणूस लागतो तो ऑगस्टमध्ये.

तरीही कंपनीशी बोलणार असाल तर पुढच्या बैठकीत चार मागण्या लेखी ठेवा. पैसे डोक्यावर नाही, तर निम्मे सुरुवातीला आणि निम्मे सत्राअखेर, प्रत्यक्ष सेवा वापरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर. करार एका वर्षाचा. सगळ्या नोंदी दर महिन्याला एक्सेलमध्ये कॉलेजकडे, आणि विद्यार्थ्यांचे नंबर दुसऱ्या कुठल्याही कोर्सच्या जाहिरातीसाठी वापरायचे नाहीत. २०२३ चा विदा (डेटा) संरक्षण कायदा आहेच, पण करारात स्वतंत्र कलम घाला. आणि सात दिवस न दिसलेल्या विद्यार्थ्यांची यादी दर सोमवारी सकाळी प्राचार्यांच्या टेबलावर. या चौथ्या मागणीला ते काय म्हणतात यावरून मी कंपनी ओळखतो. जी कंपनी ‘डॅशबोर्डवर दिसेलच ना सर’ म्हणते, तिने ती यादी कधी कुणाला वापरताना पाहिलेलीच नसते.

आणि करारावर निर्णय होईपर्यंत एक काम आजच सुरू करता येईल. शंभरपानी वही घ्या, रकाने पाच: विद्यार्थ्याचं नाव, स्वतःचा नंबर, घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर, स्मार्टफोन कुणाचा आहे, आणि फोन करायची सोयीची वेळ. प्रवेशाच्या खिडकीवर बसणाऱ्या शिपाईमामांना किंवा क्लार्कला ती भरून घ्यायला सांगा. चौथा रकाना रिकामा सोडू देऊ नका. आमच्याकडे तो रकाना त्या चाकणच्या फोननंतर आला.